डावा रकाना, उजवा रकाना

दादाचा फोन रविवारी इकडे कॅलिफोर्नियात येतो. त्याच्या धाकटीने पुण्यात बीबीएची सीईटी दिली, मार्क बेताचेच पडले. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: "तुमच्याकडे बरंय. कुठल्याही कॉलेजातून सुरुवात करा, दोन वर्षांनी बर्कलीत." बर्कली म्हणजे इथल्या सरकारी विद्यापीठाचा, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, नावाजलेला कॅम्पस.

महाराष्ट्रात बीबीए, बीएमएसला २०२४पासून सीईटी आली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो, परीक्षा हवीच. दुसरा म्हणतो, आता क्रेडिट बँक आहे, एका कॉलेजात मिळवलेले क्रेडिट जमा ठेवून दुसरीकडे नेता येतात, मग पहिल्या प्रवेशाचा एवढा बाऊ कशाला? दाखला मात्र दोघेही कॅलिफोर्नियाचा देतात. माझा मुलगा त्याच वाटेने गेला, म्हणून लिहिते.

इथे ११६ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, आहेत आणि प्रवेशाला कट-ऑफ नाही. १९६०च्या राज्य आराखड्यापासून हे ठरलेलं आहे: दोन वर्षं इथे करा, पुढची दोन विद्यापीठात. आमच्या जवळच्या कॉलेजात एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ३१ डॉलर, लागतात ९० युनिटं. म्हणजे पुस्तकं आणि किरकोळ सोडून २,७९० डॉलर. तरीही मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की मी आवाज खाली आणून "सध्या लोकलला आहे" म्हणायचे. लाज आपण सामानातून घेऊन येतो.

खरी गंमत असिस्ट नावाच्या सरकारी वेबसाइटवर आहे. तिथून छापलेला कागद दोन वर्षं आमच्या फ्रिजवर होता. डाव्या रकान्यात विद्यापीठाचा विषय, उजव्या रकान्यात त्याच्या बदल्यात आपल्या कॉलेजचा कुठला चालेल ते. कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, अर्थशास्त्र, इंग्रजी लेखनाचे दोन. काही ठिकाणी उजवीकडे कोरडं वाक्य: समकक्ष विषय नाही. मुलगा बोबा टीच्या दुकानातली पाळी संपवून रात्री अकराला यायचा आणि पिवळ्या हायलायटरने एकेक ओळ भरायचा.

एक ओळ चुकली. दोन कोर्स मिळूनच एक धरला जातो, हे बारीक अक्षरात होतं. कॉलेजच्या समुपदेशकांनी "एक पुरेल" सांगितलं आणि आम्ही ऐकलं. सुट्टीतलं एक सत्र त्यात गेलं. कागद आधी वाचायला हवा होता, हे मी अजून स्वतःला सुनावते.

आता दादाचं बर्कली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस ट्रान्स्फरची, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला घेण्याची, लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. बर्कलीच्या हास बिझनेस स्कूलमध्ये तर ट्रान्स्फरच्या शंभर अर्जांमागे दहाही जण घेत नाहीत. माझ्या मुलाकडे गणितात ए, चार निबंध, नोकरीचा अनुभव, सगळं होतं. एप्रिलमध्ये नकार आला. मुलगा त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला मॅनेजेरियल इकॉनॉमिक्सला गेला आणि मजेत आहे. पण ज्या दाराच्या भरवशावर दादा बोलतो, ते नेमकं बिझनेसपाशीच फार अरुंद आहे. शिवाय त्याच २०२४ साली हासने शाळेतून थेट चार वर्षांचा प्रवेश सुरू केला. त्याआधी बर्कलीतली मुलंही दुसऱ्या वर्षात हासला अर्ज करायची. म्हणजे निर्णय सतराव्या-अठराव्या वर्षावर आणण्याची घाई इथेही आहेच.

तेव्हा आमच्याकडे सगळं खुलं आहे, हे खरं नाही. फ्रिजवरचा कागद मात्र खरा. क्रेडिट जमा करणं सोपं. ते कोण, कशाच्या बदल्यात स्वीकारणार, हे घेणाऱ्याने आधी लिहून द्यायला हवं. आपल्याकडे हे येत नाही असंही नाही. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांच्यासाठी जागाही ठरलेल्या असतात. "डिप्लोमावाले" म्हणून नाकं मुरडतात, पण वाट पक्की आहे. कॉमर्सच्या पोरांना तेवढीही नाही, आणि आपला वाद सीईटी हवी की नको इथेच अडकून पडलाय.

परवा भाचीला म्हटलं, तुझ्या कॉलेजात विचार: पहिल्या वर्षाचं स्टॅटिस्टिक्स उद्या दुसऱ्या विद्यापीठात धरतील का? ती विचारून आली.

"आत्या, ते म्हणाले, तिकडे प्रवेश मिळू दे, मग अर्ज कर. मग बघू."