नाबोथाचं वतन

रविवारी मंडळीत बायबलातल्या १ राजे या पुस्तकाचा २१ वा अध्याय वाचला गेला. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

इस्राएलच्या अहाब राजाला राजवाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. कशासाठी, तर भाजीपाला लावायला. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे, असं तो म्हणाला. सौदा वाईट नव्हता. तरी इज्रेलच्या त्या माणसाने राजाला तोंडावर सांगितलं, वाडवडिलांचं वतन देणार नाही.

मराठी बायबलात इथे 'वतन' हाच शब्द आहे, आणि मी दर वेळी तिथेच अडतो. आपल्याकडे वतन म्हणजे राजाने दिलेलं. पाटलाचं असो की देशमुखाचं, सनद सरकारची आणि मर्जी फिरली की जप्तीही सरकारचीच. नाबोथाचं तसं नाही. लेवीय २५ मध्ये देव सांगतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे म्हणून राहता. जे राजाने दिलंच नाही, ते तो परत कसं मागणार?

आमच्या नवापूरकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वनजमीन कसणाऱ्यांना तिचा हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा आमच्या आबांनी पत्र्याच्या पेटीतून दंडाच्या जुन्या पावत्या काढल्या. जी जमीन कसली म्हणून दंड भरला, तीच जमीन आम्ही कसत होतो याचा पुरावा त्या पावत्या! दाव्याची फाइल वर्षानुवर्षं पडून राहिली. आबा गेले. तूर आम्ही अजून तिथेच पेरतो.

अशा वेळी आपलीच माणसं रोमकरांस १३ काढतात. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, मायबाप सरकारशी भांडू नका. पण भावांनो, तोच अध्याय अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. मायबाप म्हणत नाही. सेवकाला धनी असतो, आणि धन्यापुढे हिशेब द्यावा लागतो. अनुवाद १७ तर राजाला नियमशास्त्राची नक्कल करून ती रोज वाचायला लावतं, का, तर त्याने स्वतःला भावांपेक्षा मोठं समजू नये. घोडे, बायका, सोनं-चांदी, सगळ्यालाच तिथे मर्यादा घातली आहे.

आणि नाबोथाला मारलं कसं, तेही नीट वाचा. अहाबाची राणी ईजबेल हिने नाबोथाच्या गावच्या वडीलमंडळींना राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याचीच मोहर लावली. उपास जाहीर झाला, सभा भरली. नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात, तर नाबोथाने देवाला आणि राजाला शाप दिला असं खोटं सांगणारे दोन उभे केले. कागदोपत्री कुठेच खोट नव्हती. मग त्याला गावाबाहेर नेऊन दगडमार केला आणि अहाब ताबा घ्यायला निघाला. एलीया संदेष्ट्याने त्याला त्या मळ्यातच गाठून विचारलं, खून करून वतनही घेतलंस का?

मला मात्र राजापेक्षा त्या गावच्या वडीलमंडळींचा जास्त राग येतो. नाबोथ त्यांच्या गावचा, रोजच्या उठण्याबसण्यातला. पत्र वाचताना ते काय आहे हे त्यांना कळलं होतं. त्यातल्या एकानेही ते परत पाठवलं नाही.