काळा किल्ला, डेपो आणि एक ल

आमच्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होतोय. जेसीबीने पहिल्याच दिवशी इंटरनेटची केबल उपटली आणि अख्खी बिल्डिंग मोबाइलच्या दीड काडीवर आली. म्हटलं, ठीक आहे, विकीवरचा लेख ऑफलाइन लिहू.

लेख होता धारावीच्या काळ्या किल्ल्यावरचा. पान आधीपासून होतं, जेमतेम चार ओळींचं. ते उचलून फोनमधल्या नोंदींत डकवलं आणि येता-जाता बसमध्ये वाढवायला घेतलं.

बस शीवला अडकली. शेजारचे काका मांडीवरची पिशवी सावरत माझ्या फोनमध्ये डोकावत होते. मुंबईत याला डोकावणं म्हणत नाहीत. सीट अर्धी त्यांची, तर स्क्रीनही अर्धी त्यांची.

“काय लिहिताय?”

“काळ्या किल्ल्यावर लेख.”

“डेपोवर?”

“डेपोवर नाही, किल्ल्यावर.”

“म्हणजे डेपोवरच. तीस वर्षं जातोय मी तिथून. पाटीवर स्वच्छ लिहिलंय, काळा किल्ला आगार. किल्ला वेगळा असता तर त्याची वेगळी पाटी नसती का?”

मी म्हटलं, काका, डेपोला नाव किल्ल्यावरून पडलं. किल्ला मागे आहे, झोपड्यांच्या गर्दीत, पटकन दिसत नाही. पूर्वी मिठी नदीच्या काठावर होता. भिंतीत इंग्रजी शिलालेख आहे : १७३७ साली गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमाने बांधला.

“कोणाच्या?”

“हॉर्नच्या.”

काकांनी पुढच्या सीटवरच्या गृहस्थांना खांद्यावर टिचकी मारून उठवलं. “ऐकलंत? हॉर्न! आणि हे म्हणतात डेपो नाही.”

मी चिकाटीने सांगितलं, की त्याच वर्षी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली, मिठीच्या पलीकडे नवा शेजारी आला, म्हणून इंग्रजांना अलीकडे बुरूज हवासा वाटला असणार. काही ठिकाणी किल्ला गव्हर्नर ऑन्जियरच्या नावावर खपवतात, पण तो १६७७ मध्येच वारला. काकांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. मग स्क्रीनवर बोट ठेवलं. “‘किल्यात’ लिहिलंय तुम्ही. दुसरा ल कुठाय?”

तो ल माझ्या हातून सुटलेला नव्हता, मूळ पानावरच नव्हता. पण हे सांगणार कोणाला? “हो, हो,” म्हटलं आणि निव्वळ रागापायी तसाच ठेवला.

ऑफलाइन लिहिण्याचे खरे शत्रू काका नव्हेत. पहिला वर्ड. विकीवर शब्द ठळक करायला दोन्ही बाजूंना तीन-तीन सरळ एकेरी अवतरणचिन्हं लागतात. वर्ड ती आपणहून वाकडी, नटवी करतो, आणि पानावर ठळक काही न होता शब्दाभोवती नुसती झुरळं दिसतात. म्हणून साधं नोटपॅड. पण ऑफिसातला जुना संगणक असेल तर तिथेही जपून. २०१९ पूर्वीचं नोटपॅड फाइल ‘आन्सी’त, म्हणजे देवनागरी न ओळखणाऱ्या जुन्या संकेतात, साठवायला बघतं. तसं करताना ते एक इशारा देतं, आपण सवयीने ओके दाबतो, आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं झालेली असते. साठवताना देवनागरी सांभाळणारा यूटीएफ-८ संकेत निवडायचा, दर वेळी.

मग ‘कऱ्हाड’मधला अर्धा र. एक कळफलक तो नुक्त्याच्या ऱ ने काढतो, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्याला दोन्ही कऱ्हाड जुळे भाऊ, विकीला दोन वेगळी गावं. दुवा लाल येतो, जणू ते पानच नाही, आणि आपण बसतो शुद्धलेखन तपासत. किविक्सवर विकीची ऑफलाइन प्रत असते, लेखांची नावं तिथून पाहून घेता येतात. पण ती प्रत काही महिने जुनी निघू शकते. आणि संदर्भाचं पुस्तक हातात असतानाच पृष्ठक्रमांक टिपायचा. वाचनालय बंद झाल्यावर ‘पृ. ?’ कडे बघत बसण्यासारखं दुःख नाही.

हे सगळं मी पाळलं. पाचव्या दिवशी केबल जोडली गेली. पान उघडलं, ‘संपादन’ दाबलं, जुना मजकूर पुसून माझा नवा डकवला, जतन केला. एकही इशारा नाही. रात्री चर्चापानावर निरोप हजर : ‘कृपया इतरांच्या शुद्धलेखन-दुरुस्त्या उलटवू नयेत.’ खाली चार टिल्ड्यांची (~~~~) सही, वेळेसकट.

पानाचा ‘इतिहास’ उघडला. मी बसमध्ये असताना कोणीतरी ‘किल्यात’चं ‘किल्ल्यात’ केलं होतं, आणि मी सगळं पान वरून ओतून तो ल पुन्हा गाडला होता. आता, विकी सांगत का नाही? सांगतो. संपादनाची खिडकी तुम्ही उघडलीत आणि जतन करेपर्यंत दुसऱ्याने त्याच ओळीत हात घातला, तर सांगतो. दोघांचे बदल लांबलांबच्या ओळींत असतील तर बहुतेक वेळा गुपचूप जोडूनही देतो. पण खिडकी तुम्ही आत्ताच उघडलेली असते. आधीचे पाच दिवस तुम्ही बसमध्ये होता हे त्याला कसं कळणार? त्याच्या लेखी तुम्ही ताजं पान वाचून, विचार करून तो ल खोडलात.

म्हणजे उचलतानाच आवृत्तीची तारीख-वेळ टिपायची, परतल्यावर इतिहासात तिथपासूनचा फरक पाहायचा आणि मग एकेक विभाग उघडून तेवढाच बदलायचा. कच्चं काम असेल तर आपल्या धूळपाटीवर, म्हणजे विकीवरच्या सरावाच्या पानावर. हे मला माहीत होतं हो. पण तीन हजार शब्द आपल्या पदरचे पृष्ठक्रमांक लावून लिहिले त्यावर एक अक्षर नाही, आणि एका ल साठी ‘कृपया’! तो ‘कृपया’ अजून टोचतोय. शिलालेख वाचला का कोणी? ऑन्जियरचा घोळ कोणी निस्तरला? नाही, ल महत्त्वाचा.

फरक खाली सरकवला तर माझ्या हातून आणखी एक ओळ उडालेली. त्याच सज्जनाने पानाच्या डोक्यावर घातलेली : ‘हा लेख किल्ल्याविषयी आहे. बेस्टच्या आगारासाठी पाहा, काळा किल्ला आगार.’

ल बसवला. ओळही मुकाट्याने परत लावली. आगाराचा दुवा मात्र लाल आहे, म्हणजे डेपोवर अजून पानच नाही. काकांना सांगू नका.