पेठेच्या मॉडेलला ३०० पट वारा लागतो का?

‘काड्यापेटीएवढ्या इमारती मांडायच्या, पंखा सोडायचा आणि म्हणायचं पेठेतलं प्रदूषण मोजलं! मॉडेल ३०० पट लहान, मग वारा ३०० पट नको? हल्ली हे संगणक करतो. आणि पुण्यात हिवाळ्याच्या सकाळी वारा असतो कुठे?’ असा मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. रोख आहे तो वाऱ्याच्या बोगद्यावर, म्हणजे लहान मॉडेलवर पंख्याने वारा सोडून मोजमाप करायच्या लांब खोलीवर. मजकुरातला शेवटचा मुद्दा खरा आहे.

आधी ३०० पट. रेनॉल्ड्स अंक म्हणजे वेग गुणिले आकार, भागिले हवेचा चिकटपणा. तो मॉडेलवर तंतोतंत जुळवायचा तर सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यासाठी बोगद्यात ९०० मीटर लागतील, म्हणजे ध्वनीच्या अडीच पटींहून जास्त. पण तो जुळवावाच लागत नाही. इमारतींच्या कडा धारदार, त्यामुळे वारा कडेलाच भिंत सोडतो. इमारतीच्या उंचीवरून काढलेला अंक साधारण ११,००० च्या वर गेला की प्रवाहाचं रूप फारसं बदलत नाही. १:३०० ला ३० मीटरची इमारत १० सेंटिमीटरची होते; ३ मीटरच्या वेगाला अंक २०,००० भरतो. १५ मीटरची मात्र १०,००० वरच अडकते. तिथे वेग ४ वर न्यायचा, शिवाय दुप्पट वेगाला मोजून निकाल जुळतात का पाहायचं. गोल घुमटांना ही सवलत नाही.

नुसता पंखा सोडला तर निकाल चुकतोच. शहरावरचा वारा खाली मंद, वर जोरात. तो घडवायला बोगद्याच्या तोंडाशी उंच निमुळते सुळके आणि पुढे कित्येक मीटर ठोकळ्यांच्या रांगा लागतात. मॉडेलने बोगद्याचा ५ टक्क्यांहून जास्त छेद अडवला तर वारा कडेने दाबून पळतो.

धुराने व्हिडिओ छान होतो, आकडा मिळत नाही. त्यासाठी रस्त्याच्या जागी बारीक भोकांची नळी घालून इथेन हा गॅस सोडतात आणि तो कुठे किती पोचला ते मोजतात. त्याचं वजन जवळपास हवेइतकंच. भोकं मोठी असली तर गॅस नळीभर सारखा सुटत नाही. जोर जास्त झाला तर कारंजं उडतं. तीच हवा पुन्हा फिरवणाऱ्या, बंद फेऱ्याच्या बोगद्यात इथेन साठत जातो, म्हणून आधीचं आणि नंतरचं माप घेऊन तेवढं वजा करायचं. वेळही आक्रसते: बोगद्यात ४ आणि रस्त्यावर २ मीटरचा वारा असेल, तर रस्त्यावरचा तास इथे ६ सेकंदांचा. दोन-तीन मिनिटं तरी मोजावं.

मॉडेलवर दिसणारी एक गोष्ट अंदाजाने सुचत नाही. बाजीराव रस्ता उत्तर-दक्षिण, पावसाळी वारा पश्चिमेचा. इमारतींची रांग सलग असेल तर रस्त्यात भोवरा फिरतो आणि तळाशी धूर उलटा, पश्चिमेकडच्या फुटपाथवर येतो. वारा येतो तीच बाजू जास्त मळते.

संगणकाचं म्हणाल तर नेहमीची स्वस्त गणितं वाऱ्यासमोरच्या भिंतीपाशी खळबळ फुगवून दाखवतात. ती तपासायला जर्मनीतल्या हॅम्बुर्ग, कार्ल्सरूहेच्या बोगद्यांतली मापंच वापरली जातात.

आता हिवाळा. थंड जमिनीवर उबदार हवेचं झाकण बसतं. साध्या बोगद्यात ते नसतं. तळ गार, वरची हवा गरम करून आणता येतं, पण मग वेग कमी ठेवावा लागतो. १ मीटरवर आलात की ५ सेंटिमीटरच्या इमारतीचा अंक ३,३०० वर घसरतो. शिवाय रस्त्यावर वाहनं हवा घुसळतात, ते वेगळंच. डिसेंबरमधल्या सकाळी सातचा आकडा हवा असेल तर रस्त्यावरच उपकरण लावावं.