मामांच्या फ्रीजरमधली सीडी

रविवारी अमळनेरला मामांकडे गेलो होतो. बर्फ काढायला फ्रीजर उघडला, तर मटारच्या पुडक्याखाली आजोबांच्या भजनाची सीडी. पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून ठेवलेली, आणि कडेने गोल हिरवी रेघ ओढलेली. मी मामांकडे बघितलं. मामांनी मोबाइल पुढे केला.

'सीडी ट्रान्सपोर्ट घेताय? आधी हे वाचा!' हा फॉरवर्ड एव्हाना तुमच्याकडेही पोचला असेल. मामा निवृत्त शिक्षक. आयुष्यभर जमवलेल्या चारेकशे सीड्या, पेन्शनमधून घेतलेला एक डॅक, आणि आता त्याला जोडायला ट्रान्सपोर्ट हवा. ट्रान्सपोर्ट म्हणजे सीडीवरचे आकडे वाचून पुढे पाठवणारं यंत्र. त्या आकड्यांचा आवाज करायचं काम डॅकचं. एवढी साधी वाटणी, पण फॉरवर्डवाल्याने तिचं पार ब्रह्मरहस्य करून टाकलंय. ते वाचून मामा दीड लाख मोजायच्या बेतात होते. मी मध्ये बोललो तर म्हणाले, "तुले काय समजस रे यामा?"

समजतं थोडंफार, म्हणून लिहितोय.

फ्रीजरपासूनच सुरू करतो, कारण माझं डोकं तिथेच तापलं. फॉरवर्ड म्हणतो, सीडीत वर्षानुवर्षं चुंबकत्व साचतं, ते उतरवायला चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग कडेला हिरवा मार्कर फिरवा, म्हणजे लेसरचा भटका प्रकाश शोषला जाईल. अहो, सीडी म्हणजे कॅसेट नव्हे! छापील सीडीत 1.2 मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला फ्रीजवरचं चुंबक लावून बघा, चिकटतं का. सीडीवरची माहिती म्हणजे बारीक खळगे, आणि ते वाचतो 780 नॅनोमीटरचा लेसर. चुंबकाचा इथे संबंधच कुठे येतो?

हिरव्या मार्करची थाप तर नव्वदीच्या दशकात परदेशात फिरून म्हातारी झालेली. आपल्याकडे ती आता व्हॉट्सॲपवर पुन्हा तरुण झाली. ती नुसती खुळचट असती तर हसून सोडली असती, पण ती नुकसान करते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने 2003 साली ग्रंथपाल आणि अभिलेखपालांसाठी सीडी-डीव्हीडी सांभाळण्याची पुस्तिका काढली. ती सांगते: सॉल्व्हंट (शाई विरघळवणारं रसायन) असलेला मार्कर डिस्कवर वापरू नका, तापमानात आणि दमटपणात एकदम मोठा फरक पडू देऊ नका, दीर्घकाळ ठेवायच्या डिस्क 4 ते 20 अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. फ्रीजर असतो उणे अठराच्या आसपास. तिथून काढून खान्देशातल्या मे महिन्याच्या खोलीत डिस्क आणली, की दोन मिनिटांत तिला घाम फुटतो. (वीस अंशांची खोली आम्ही अमळनेरात कुठून आणायची, हे त्या पुस्तिकेने सांगितलेलं नाही, ते सोडा.)

आणि आजोबांची सीडी छापीलही नाही. ती घरी भरलेली, सीडी-आर. तिच्यात माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन, उष्णता सोसत नाही. बहुतेकांना वाटतं, चकचकीत बाजू जपायची. खरं तर लेबलची बाजू जास्त नाजूक. तिकडून धातूच्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप. खालच्या बाजूचा ओरखडा कधी घासूनही जातो, वरून धातू खरवडला तर खेळ खलास. मामांनी मार्कर नेमका त्याच बाजूच्या कडेवरून फिरवला होता.

आता पुढचा मुद्दा: 'स्वस्त ट्रान्सपोर्ट बिट गाळतो, म्हणून आवाज पातळ येतो.' बिट म्हणजे सीडीवरचे तेच आकडे. फिलिप्स आणि सोनीने 1980 साली सीडीचं मानक ठरवलं तेव्हाच त्यात चूक-दुरुस्तीची गणिती सोय घातली. माहिती विस्कटून, जादा आकडे जोडून लिहिलेली असते, म्हणून ट्रॅकवरचा अडीच मिलिमीटरच्या आसपासचा सलग तुकडा खराब झाला तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. मामांचीच एक छापील सीडी मी दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी केली. ड्राइव्ह वाचायला किंचित पुढे-मागे सुरुवात करतात, तो फरक (ऑफसेट) जुळवल्यावर दोन्ही फायलींचे चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेले पडताळणीचे आकडे, तंतोतंत एकच.

इथे एक गोष्ट मात्र कबूल करायलाच हवी. कॉम्प्युटरच्या डेटा सीडीत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, गाण्याच्या सीडीत तो नसतो. ओरखडा फारच मोठा असेल तर प्लेअर मधला आकडा अंदाजाने भरतो. म्हणजे 'बिट कधीच चुकत नाही' म्हणणारेही फार शहाणे नाहीत. पण असा दोष ऐकू येतो तेव्हा टिकटिक होते, गाणं अडखळतं. 'पातळ' होत नाही. तंबोरा तसाच राहून फक्त त्याची ऊब कमी करणारी चूक सीडीवर पडत नसते.

'जिटर' या शब्दाने मामा सगळ्यात जास्त घाबरले होते. आकडे पोचण्याच्या वेळेतली थरथर, इतकंच. 2005 साली जपानी संशोधकांनी कान तयार असलेल्या श्रोत्यांवर प्रयोग केले, तेव्हा अनियमित जिटर शेकडो नॅनोसेकंदांचा झाला तरच त्यांना कळला. बऱ्यापैकी ट्रान्सपोर्टचा जिटर त्याच्या जवळपासही जात नाही, आणि आजचे बरेच डॅक आकडे साठवून आपल्या घड्याळाने पुन्हा ओळीत लावतात.

मग ट्रान्सपोर्ट डॅकला जोडायची केबल: 'ऑप्टिकल नको, चांदीचीच केबल घ्या.' एक मीटरची साधी 75 ओहमची कोॲक्सियल (टीव्हीच्या केबलसारखी तारेची) केबल पुरते. उलट आमच्याकडच्या जुन्या घरांत, जिथे अर्थिंग नावालाच असतं, तिथे ऑप्टिकलच बरी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे त्या वाटेने ॲम्प्लिफायरमध्ये गुणगुण शिरत नाही.

'ट्रान्सपोर्ट दहा किलोचा हवा.' ट्रान्सपोर्ट घ्यायचा की वरवंटा? जड डबा असला तर डिस्क फिरल्याची घरघर कमी ऐकू येते, इतकं देतो. पुढे काही नाही.

मग ट्रान्सपोर्टमध्ये बघायचं काय? लेन्स सहज पुसता येते का, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात दार लोटलं तरी धूळ आत येते. लेसरचा सुटा भाग मिळतो का. ट्रे की नुसती फट, कारण फटीत अडकलेली डिस्क काढायला सगळा डबा उघडावा लागतो. आणि जुन्या, घरी भरलेल्या सीड्या तो वाचतो का. दुकानात आपलीच सगळ्यात हट्टी सीडी घेऊन जायची.

मामांच्या माळ्यावर एक जुना डीव्हीडी प्लेअर पडला होता. मागे कोॲक्सियलचं भोक होतंच. धूळ झटकली, केबल जोडली, डॅकचा दिवा लागला. टीव्ही न लावता गाणं निवडताना वैताग येतो, आणि दोन ट्रॅकमध्ये क्षणभर खंड पडतो, सलग मैफलीत तो टोचतो. हे खटकायला लागलं की मामांनी खुशाल ट्रान्सपोर्ट घ्यावा, पण दीड लाखाचा नाही.

आजोबांची सीडी मी पिशवी न सोडता खोलीत ठेवली, गारठा पुरता गेल्यावर पुसली, आधी लॅपटॉपवर उतरवून घेतली. तिसऱ्या भजनात दोन ठिकाणी टिकटिक आहे. बाकी सगळं आलं. संध्याकाळी मामांनी ते डीव्हीडी प्लेअरवरून लावलं, डोळे मिटून ऐकलं, टिकटिक आली तेव्हा माझ्याकडे बघणं टाळलं. मग मोबाइल घेऊन गावच्या ग्रुपवर काहीतरी टाइप करत बसले. फ्रीजरमध्ये अजून दोन सीड्या होत्या, त्या मामी न विचारताच काढून घेऊन आल्या.