'विमानतळ आधी होता' म्हणणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरच्या रात्रीच्या विमानांबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर 'पणजीकर' या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: "विमानतळ आधी होता, तुम्ही नंतर आलात. आता रडगाणं कशाला? पर्यटनाचा पैसा हवा, आवाज नको. दुहेरी काचेच्या खिडक्या बसवा आणि आईला झोपेची गोळी द्या."

पणजीकर, वाद घालायला माझी हरकत नाही. पण मध्यरात्र ते पहाट एवढा वेळ तरी उड्डाणं थांबवा, ही माझी मागणी. तिला तुम्ही रडगाणं म्हणता? विमानतळ हलवा असं मी एका शब्दानेही लिहिलेलं नाही. आणि आईचं म्हणाल, तर ती हृदयविकाराची रुग्ण आहे हे त्याच लेखात होतं. ते वाचून तुम्हाला गोळी सुचली. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल कोणी असं लिहिलं असतं तर तुम्ही खपवून घेतलं असतं का?

एक मान्य करतो. अलीकडे दाबोळी-चिखलीत ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यांना विमानतळ दिसत होता. त्यांच्यापुरतं तुमचं वाक्य थोडंफार खरं आहे.

आमच्यापुरतं नाही. चिखलीतलं आमचं घर पणजोबांचं, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जमिनीत मुंडकार म्हणून, त्याच्या संमतीने राहून बांधलेलं. 1955 साली पोर्तुगिजांनी दाबोळीच्या पठारावर विमानतळ उभारला तेव्हा आजोबांचा संसार याच घरात चालला होता. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय हवाई दलाने त्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, ते आवाज आजीने याच अंगणात ऐकले. आधी कोण आणि नंतर कोण, हे निदान मला तरी शिकवू नका.

आणि आमचं घर बाजूला ठेवलं तरी विचारतो, आधी होता तो विमानतळ कुठला? मुक्तीनंतर तो नौदलाकडे गेला. परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं ऐंशीच्या दशकात आली, मोठं टर्मिनल 2013 साली. तळ नौदलाचा, त्यामुळे आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास त्यांच्या सरावासाठी राखीव राहत आले आणि प्रवासी विमानांची दाटी दुपारनंतर आणि रात्री झाली. धावपट्टी जुनी आहे, पण रात्रीची ही वर्दळ आमच्या डोळ्यांदेखत वाढली. ती वाढवताना गावाला कोणी विचारलं नाही.

तुमचा नियम जरा उत्तर गोव्यातल्या पेडण्यातही लावून बघा. तिथला मोपाचा नवा विमानतळ 5 जानेवारी 2023 ला सुरू झाला. वारखंड, कासारवर्णे, उगवे ही गावं तिथे कधीपासूनची आहेत? मग तिथल्या लोकांना रात्रीची झोप मागायचा हक्क आहे असं तुम्ही मान्य करणार का? नसाल करणार, तर 'आधी कोण' हा तुमचा मुद्दाच नव्हता. आम्ही गप्प बसावं एवढंच तुम्हाला हवं होतं.

दिवसाचं विमान आणि रात्रीचं विमान यांत फरक आहे, हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. युरोपात आवाजाची दिवसभराची सरासरी काढताना रात्रीच्या आवाजात 10 डेसिबल मुद्दाम वाढवून धरतात, कारण तो जास्त छळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली विमानांसाठी रात्रीची मर्यादा 40 डेसिबल सुचवली. आपल्याकडे वस्तीसाठी रात्रीची मर्यादा 45 आहे, पण विमानतळाच्या परिसराला त्यापेक्षा कितीतरी मोकळीक आहे. शिवाय ही मोजणी सरासरीची. आई दचकून उठते ती छपरावरून गेलेल्या एका विमानाने, सरासरीने नव्हे. रात्री दहाला लग्नातला स्पीकर बंद करायला पोलीस येतात, ते योग्यच आहे. मग दोन वाजता आकाशातून येणाऱ्या आवाजाबद्दल बोललं की ते रडगाणं कसं होतं?

पर्यटनाच्या पैशाचा विषय तुम्ही मध्येच आणलात, त्यावर मी बोलणार नाही. खिडक्यांचं म्हणाल तर मे महिन्यात एसी नसलेल्या कौलारू घरात त्या बंद करून एक रात्र झोपा, मग सल्ला द्या.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. पण फ्रँकफर्टसारख्या अवाढव्य विमानतळावर 2011 पासून रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणं बंद आहेत, हे मी लेखात लिहिलं होतं. तिथे जमतं ते दाबोळीला का जमू नये, एवढाच माझा प्रश्न होता आणि त्यावर तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही.