१०९५-ए नुसता ठेवून कसा चालेल?

अमेरिकेत आरोग्यविमा असल्याचा १०९५ हा कराचा फॉर्म येतो, त्यावरचा तुमचा लेख वाचला. विमा नसल्याच्या दंडाबद्दल ‘२०१९पासून दंड शून्य, तेव्हा १०९५ आला की फाईलला लावून ठेवा’ हे त्यातलं वाक्य बी (विमा कंपनीचा) आणि सी (नोकरीच्या कंपनीचा) फॉर्मपुरतं ठीक आहे. मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून, विमा घेतलेल्यांच्या १०९५-एचं काय? त्याच्या तिसऱ्या रकान्यात सरकारने हप्त्यात आगाऊ भरलेली रक्कम असते. तिचा हिशेब रिटर्नसोबतच्या ८९६२ या फॉर्मवर द्यावाच लागतो, नाहीतर ई-फाईल केलेलं रिटर्न परत येतं. माझ्या भाचीचं आलंच. नवऱ्याच्या कंपनीचा सी तिने जपून ठेवलेला, आणि त्याला नोकरी लागण्याआधीच्या महिन्यांचा ए ऑनलाईन खात्यात पडून!

शिवाय शून्य झाला तो फेडरल दंड. आम्ही न्यू जर्सीवाले. इथे राज्याचा दंड आहेच, कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्येही आहे. एवढी मराठी मंडळी या राज्यांत राहतात, निदान तेवढं तरी लिहायचं होतं.