75 फ्रेम नेमक्या अडतात कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. "डेटा आणि केबलच्या गप्पा मारून छोट्या कारखानदाराला खर्चात पाडता" हे तुमचं वाक्य मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमची तक्रार अशी: वाळूजच्या शेडमध्ये बेल्टवरचे वॉशर तपासायला 5 मेगापिक्सेलचा यूएसबी 3 कॅमेरा लावला. खोक्यावर सेकंदाला 75 फ्रेम (म्हणजे फोटो) लिहिल्यात, मिळतात 24-25. नवा कॉम्प्युटर घेतला, चित्राची रुंदी निम्मी केली, तरी आकडा जागचा हलला नाही.

तुमच्याच प्रतिक्रियेत शेवटी एक्सपोजर, म्हणजे एका फोटोसाठी कॅमेरा उजेड घेतो तो वेळ, 40 मिलिसेकंद असल्याचं लिहिलंय. अडचण तिथेच आहे. सेकंदाच्या हजार मिलिसेकंदांना 40 ने भागा, 25 येतात. एका फ्रेमचं एक्सपोजर संपल्याशिवाय पुढचीचं सुरूच होत नाही, मग कॉम्प्युटर कितीही दणकट आणा. वॉशरच्या कडा पुसट येतात, तेही यामुळेच. बेल्ट सेकंदाला 20 सेंटिमीटर सरकत असेल, तर तेवढ्या वेळात वॉशर 8 मिलिमीटर पुढे गेलेला असतो. त्या फोटोत कडेवरची चीर दिसणार कशी?

तेव्हा पहिला खर्च उजेडावर करा. शेडच्या ट्यूबवर भागणार नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते कळत नाही, पण एक्सपोजर 2 मिलिसेकंदांवर आणलं की एक फ्रेम उजळ आणि दुसरी काळपट येते. डीसी सप्लायवरचा, म्हणजे उजेड न लुकलुकणारा एलईडी बार बेल्टच्या जवळ लावा. गेन (कॅमेऱ्यातच सिग्नल वाढवून फोटो उजळ करणारं सेटिंग) वाढवून वेळ मारून नेऊ नका, फोटोत दाणे येतात.

आता रुंदीचं. कॅमेऱ्यात फोटो टिपणारी चिप म्हणजे सेन्सर. बहुतेक सीमॉस प्रकारचे सेन्सर एका ओळीतले सगळे पिक्सेल एकदम वाचतात आणि मग पुढच्या ओळीवर जातात. म्हणून वाचायचा वेळ वाचतो तो ओळी कमी केल्यावर. रुंदी कापून फक्त केबलवरचा भार हलका होतो. वॉशरची रांग चित्रात आडवी येईल असा कॅमेरा फिरवून बसवा आणि उंची कापा. लातूरच्या डाळ मिलमधले कलर सॉर्टर (रंग बघून खराब दाणे वेगळे करणारी यंत्रं) याचं टोक गाठतात: त्यांचे लाइन-स्कॅन कॅमेरे एकेक ओळच टिपतात, म्हणून सेकंदाला हजारो ओळी घेऊ शकतात.

केबलचा नंबर यानंतर लागतो. 5 मेगापिक्सेलची 8 बिटची (दर पिक्सेलला एक बाइट) पूर्ण फ्रेम म्हणजे सुमारे 5 एमबी. अशा 75 फ्रेम म्हणजे सेकंदाला 375 एमबी, आणि यूएसबी 3 वर प्रत्यक्षात साधारण तेवढंच बसतं. सेटिंग 12 बिटचं असेल आणि दर पिक्सेलला दोन बाइट जात असतील, तर केबलच 37 वर अडवेल. वॉशरसाठी 8 बिट पुरे.

आधी रुंदी पुन्हा पूर्ण करा आणि एक्सपोजर 2 मिलिसेकंद करा, बाकी काही हलवू नका. फोटो काळा आला तरी चालेल. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट किती दिसतो ते इथे कळवा. तो 37 च्या आसपास थांबला तर पिक्सेल फॉरमॅट (8 बिट की 12 बिट) बघू, 75 ला पोचला तर फक्त एलईडी बारचं बघायचं राहील.